खोली नाही, मग कामाला माणूस येणार कुठून?

मा. संपादक,

‘कामाला माणूस मिळत नाही’ ही तक्रार आज गोव्यात हॉटेलवाल्यापासून नारळ काढणारा पाडेली शोधणाऱ्या भाटकारापर्यंत, म्हणजे बागायतदारापर्यंत, सगळ्यांच्या तोंडी आहे. म्हापशात माझी खाणावळ आहे. कोरोनानंतर दोनेक वर्षे मीही हेच म्हणत होतो. आता ते तोंडातून निघत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा माझ्याकडे झारखंडचे सहा जण होते. खाणावळीमागच्या एकाच खोलीत सहाही जण अडकले. जेवण मी दिले, पगार मात्र अर्धाच. मे महिन्यात श्रमिक रेल्वे सुटू लागल्या आणि सगळ्यांनी नावे नोंदवली. निघताना जुन्या कारागिराने मासळीची सुरी धुतली, फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “सेठ, नव्या माणसाला लागेल.” तेव्हाच मी समजायला हवे होते.

त्या वर्षी १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, तरी मालीम आणि कुटबण जेटीवरचे कितीतरी ट्रॉलर खलाशांअभावी नांगरून राहिले. ओडिशा, झारखंड, कर्नाटकातले हात नसतील तर आपल्या ताटात नुस्ते, म्हणजे मासळी, येत नाही, हे सगळ्या गोव्याने पाहिले.

माझ्या सहांपैकी दोघे परतले. पूर्वी माणूस आधी पगार विचारायचा. या दोघांनी आधी विचारले, झोपायचे कुठे आणि सुट्टी कधी? जुना कारागीर आलाच नाही. गावाजवळ कमी पैशांत राबतो, पण रात्री मुलांत असतो, असे फोनवर सांगत होता. त्याला चूक कोण म्हणेल?

म्हणून मी खोल्या शोधायला निघालो. याच महामारीने दिल्ली-मुंबईच्या नोकरदारांना घरून काम करायची मुभा दिली आणि त्यांतले बरेच म्हापशाजवळच्या आसगाव, शिवोली, हणजुणेत येऊन राहिले. त्यांचा दोष नाही. पण ज्या खोलीत पूर्वी वेटर, गवंडी राहत, तिथे आता एसी आणि इंटरनेट लावून घरमालक दुप्पट-तिप्पट भाडे सांगतो. स्वयंपाक, बांधकाम, मासेमारी घरून होत नाही. ही कामे करणाऱ्याला कामाजवळच राहावे लागते आणि नेमकी त्यालाच जागा नाही.

सध्या चौघांसाठी दोन खोल्यांचे भाडे मी भरतो आणि मंगळवारी खाणावळ बंद ठेवतो. चौघेही टिकून आहेत. पण एवढा बोजा प्रत्येक लहान धंदेवाल्याला पेलणार नाही. केंद्राने जुलै २०२० मध्ये शहरांतल्या स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली होती. म्हापसा, मडगाव आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीजवळ अशी घरे उभारायचे सरकारने मनावर घ्यावे. त्यासाठी वाजवी भाडे आणि भाड्यातला आमचा वाटा भरायला माझ्यासारखे बरेच जण तयार होतील.

आपला,
एक खाणावळचालक, म्हापसा