नरवाई जाळू नका, यीस्टला द्या

महोदय,

गहू निघाला की इंदूरभोवती नरवाई, म्हणजे शेतात उरलेले काड, पेटते. परवा सांवेर रस्त्यावर राखेचे काळे कण शर्टाला चिकटले आणि जीव हळहळला. अहो, त्या काडाचा निम्म्याहून अधिक भाग म्हणजे बांधलेली साखरच!

ती सोडवली तरी पावाचे नेहमीचे यीस्ट त्यातले ग्लुकोज तेवढे आंबवते, झायलोज या काडातल्या दुसऱ्या साखरेला तोंड लावत नाही. शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे यीस्ट मात्र झायलोजचेही इथेनॉल करते. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांच्या पोटात त्याचे भाईबंद राहतात, म्हणून ही सवय. त्याला किंचित हवा लागते, दारूचा अंशही फार सोसत नाही. संशोधनाचे काम या उणिवांवरच व्हायला हवे. क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे आणखी एक यीस्ट तर 45 अंशांतही आंबवते. आपल्या माळव्याच्या उन्हाळ्यात टाक्या थंड ठेवायचा खर्च त्याने किती वाचेल!

पेट्रोलमधले 20 टक्के इथेनॉल आज मुख्यतः ऊस, मका, तांदळातून येते. पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉलचा प्रकल्प उभा राहिला. इथल्या कृषी महाविद्यालयाने गव्हाच्या काडावर या यीस्टचे प्रयोग हाती घ्यावेत, आणि पुढच्या हंगामाआधी गावोगावी काड विकत घेण्याची सोय व्हावी.

— एक वाचक, इंदूर