सोळावा अध्याय गाळू नकोस

चि. ताई,

अनेक आशीर्वाद आणि जय ख्रिस्त.

तुझ्या पाळकपदाच्या दीक्षेची पत्रिका काल पोचली. आईनं ती आधी फ्रिजवर लावली, मग काढून बायबलात ठेवली, मग पुन्हा फ्रिजवर लावली. छापली छान आहे. बिशपसाहेब आहेत, पंचमंडळ आहे, वेळ, ठिकाण, भोजन, सगळं आहे. तुझ्या बापाला पाळक कुणी केलं ते मात्र पत्रिकेत यायचं काही कारण नाही, आणि फोनवर मला असलं बोलता येत नाही. म्हणून लिहितोय.

नगर जिल्ह्यातल्या पहिल्या मंडळीत मी नुकताच रुजू झालो होतो. एका रविवारी नव्या करारातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचायचा होता. नुसती नावंच नावं, तीही अवघड. मी पहिली दोन वचनं वाचली आणि सरळ शेवटावर उडी मारली. उपासना सुटल्यावर घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या बायबलबाईंनी मला दारातच अडवलं. नऊवारीचा पदर डोक्यावर, काखेत पिशवी.

“पाळकसाहेब, माणसं गाळलीत तुम्ही.”

चपला शोधणाऱ्या बायापोरांच्या गर्दीत त्यांनी मला तो अख्खा अध्याय मोठ्यानं वाचायला लावला. पौल त्यात 26 जणांना सलाम सांगतो. दोघींची तर नावंही नाहीत, एक निरियाची बहीण आणि एक रूफची आई. रूफच्या आईला तो माझीही आई म्हणतो. “हिनं त्याला कधीतरी जेवू घातलं असणार,” असं म्हणून बाईंनी पिशवीतून भाकरी आणि ठेचा काढून माझ्या हातावर ठेवला. सेमिनरीत या अध्यायावर मी चांगले मार्क मिळवले होते, बरं का.

दुसरे आमचे थोरले पाळकसाहेब. त्यांच्याबरोबर सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. एका घरी तान्हं मूल गेलं होतं. मी तिथे बराच वेळ देवाची इच्छा, देवाची योजना असं बोलत राहिलो. पाळकसाहेब एक शब्द बोलले नाहीत. घागर उचलली, आडावरून पाणी आणलं, चूल पेटत नव्हती ती फुंकून दिली. परतताना चढावर सायकली हातात धरून चालत होतो, तेव्हा म्हणाले, “आज देवाची वकिली चांगली केलीस. वकीलपत्र कुणी दिलं होतं?” मला इतका राग आला की वाडा येईपर्यंत बोललो नाही. पण त्यानंतर मयताच्या घरी मी आधी पाणी आहे का ते बघत आलोय.

रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांचं, सांगताना आपले लोक 1893 सालच्या त्या आगगाडीवर फार रेंगाळतात. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला वगैरे. मला त्यापुढचं जास्त आवडतं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो गोऱ्या मिशनरीकडून नाही, तर तुकाराम नथोजी या आपल्या माणसाच्या हातून. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई! बाप्तिस्म्यानंतर काही वर्षं त्या दूर राहिल्या, परत आल्या, तोंडावर भांडल्या, आणि 1919 साली टिळक गेल्यावर त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ स्वतः लिहीत बसल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई! (आई हे वाचून म्हणेल की माझी अपुरी वीजबिलंही तीच भरते. खरं आहे.)

आता तुझे मास्तरकाका. माळकरी माणूस, आषाढीला पायी पंढरपूर, आणि नाताळला आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकावर. एका नाताळला उपासनेनंतर त्यांनी एसटीचं तिकीट माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा. “तुझ्या उपदेशात ‘म्हणजेच’ सतरा वेळा आलं. पोरं मोजतात तुझं.” ज्या वर्षी मंडळीत तट पडले आणि जमिनीच्या हिशेबावरून माझ्यावर नाही नाही ते बोललं गेलं, त्या वर्षी राजीनामा लिहून मी आधी त्यांनाच दाखवला. त्यांनी व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, तो स्कूटरच्या डिकीत टाकला आणि म्हणाले, “आठ दिवसांनी मागून घे.” मी मागितला नाही. त्यांनीही विषय काढला नाही. तू तेव्हा तिसरीत होतीस.

मास्तरांशी निदान रोज बोलणं होतं. थोरल्या पाळकसाहेबांचं राहूनच गेलं. माझी बदली झाली, ते थकले, आणि मी एका इनलँडवर तीर्थस्वरूप घालून चार ओळी लिहिल्या: त्या चढावरचं तुमचं बोलणं अजून... एवढ्यावर कुणीतरी बोलावलं म्हणून उठलो. पावसाळ्यात ते गेल्याचं कळलं. ते इनलँड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. शाई पुसट झालीय.

तुझी अशी माणसं कोण, ते तूच जाणे. हॉस्टेलच्या मेसमधल्या मावशी, ग्रीकच्या तासाला तुला रडवणारे सर, पेटी वाजवणारी ती मैत्रीण. पत्रिका उरल्या असतील तर प्रत्येकीच्या मागे दोन ओळी हातानं लिही आणि दीक्षेच्या आधी टाक. टपाल हल्ली सावकाश येतं.

झगा येताना घेऊन ये, खालची शिवण आई घालून देईल. मास्तरकाका येणार आहेत. गुडघे दुखतात म्हणून पुढच्या बाकावर बसा म्हटलं, तर नको म्हणाले, मागूनच नीट मोजता येतं.

तुझे,
बाबा