वसंतास: कालवडीबद्दल, आणि तिच्या आईबद्दल

रामबाग, इंदूर

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. काळीभोर कालवड तांबूस पडत चाललीय, डोळ्यांभोवती चष्मा लावल्यासारखं पांढुरकं कडं आलंय आणि जंताचं औषध देऊनही हगवण थांबत नाही, हे वाचून मला तांब्याच्या कमतरतेचीच शंका येते. केसांचा काळा रंग तयार व्हायला तांबं लागतं. ते कमी पडलं की रंग उडतो, रक्त कमी होतं, वाढ खुंटते.

रान हिरवंगार असताना कमतरता कशी, असं तू विचारतोस. अरे, तुझी जमीन आमच्या माळव्यासारखीच, काळी आणि चुनखडीची. अशा जमिनीत जस्त नि स्फुरद (फॉस्फरस) असलं तरी गवताला नीट मिळत नाही. मॉलिब्डेनम नावाचं खनिज मात्र सहज गवतात वर येतं आणि गाईच्या पोटात गंधकाशी मिळून तांब्याला असं धरून ठेवतं, की ते अंगी लागतच नाही.

स्फुरदाचं म्हणशील तर गेल्या उन्हाळ्यात सिमरोलकडे पाहिलं. एक गाय मेलेल्या ढोराचं हाड चघळत उभी होती, तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. गुराखी ओढत होता, ती सोडेना. ‘खोड आहे तिला’, म्हणाला. खोड कसली! वाळल्या गवतात स्फुरद उरत नाही, म्हणून ती हाडाकडे जाते. अशा सडक्या हाडातून बोटुलिझमचं विष गेलं तर जनावर लुळं पडून मरतं. तुझ्या रानातली हाडं आधी उचलून पुरून टाक.

पण वसंता, कालवडीइतकंच तिच्या आईकडे बघ. वासराच्या यकृतातला तांब्याचा साठा आईच्या पोटातच होतो, त्यातही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. दुधात तांबं फार कमी, त्यामुळे रिकाम्या यकृतानं जन्मलेल्या वासराला नुसतं दूध कितीही पाजलं तरी भरून निघत नाही. आणि आपल्याकडे नेमकी तेव्हाच गाय आटते नि तिचा खुराक बंद होतो! याची मला फार चीड येते. आयोडीन कमी पडलं तर गळ्याला गाठ घेऊन वासरू जन्मतं, सेलेनियम कमी पडलं तर त्याला पायावर उभं राहता येत नाही. हे सगळं त्याच महिन्यांत ठरत असतं.

जनावरं चरून आली की संध्याकाळी मोठ्या गाईला ५० ग्रॅम मिनरल मिक्स्चर पेंडीत कालवून दे, कालवडीला २०-२५ ग्रॅम. खडेमीठ वेगळं ठेव. एनडीडीबीनं, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं, भागाभागातला चारा तपासून त्या त्या भागासाठी मिश्रणं ठरवली आहेत, तुमच्याकडचं मिळतं का ते दूध संघात विचार. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मात्र आपल्या मनानं मुळीच देऊ नकोस. तांबं यकृतात साचून विषबाधा होते. मेंढ्यांना तर ते फारच लवकर बाधतं, त्यांना गाईच्या घमेल्याजवळ फिरकू देऊ नकोस. रक्ताचा एक रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस, यकृतातला साठा संपत येईपर्यंत रक्तात तांबं ठीकच दिसतं. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी चौकशी करतो. तोवर तुझ्या डॉक्टरांना हे पत्र दाखव.

आई पुन्हा गाभण आहे ना? कितवा महिना ते लगेच कळव. सातवा लागला असेल तर मिश्रण आजच सुरू कर, पैशांचं आपण मागाहून बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत