पोदेराचा भोंगा आणि तुमचे बारा नमस्कार

पणजी, रविवार

ती. आई-बाबांस सा. न.

परवा फोनवर आईने विचारलं, "अजून जातेस का गं पळायला?" जाते, आई. या आषाढातसुद्धा जाते. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केलं, त्याला आठ महिने झाले. पेटीची शिकवणी मी सहा महिन्यांत सोडली होती, पोहणं तर महिन्याभरातच. बाबा तेव्हा रागावले नाहीत, पण मनातून खट्टू झाले होते. ते आता कळतं, म्हणून हे पत्र. फोनवर बोलायला गेलं की आपला विषय पावसावर जातो.

पहिला पंधरवडा मी पळलेच नाही. पहाटे पाव घेऊन येणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू आला की बूट घालायचे, खाली उतरायचं, दहा मिनिटं चालून परत यायचं. पुढे हळूहळू कांपालपासून मांडवीच्या कडेने मिरामारपर्यंत जाऊ लागले. पाऊस फारच कोसळला तर इमारतीचा जिना चढते-उतरते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून नवी सवय लावायला सांगितली होती. ती अंगवळणी पडायला लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही, असंही दिसलं. मला याचा फार आधार वाटला. पूर्वी एकदा खंड पडला की मी सगळंच सोडून द्यायची. जानेवारीत तापाने चार दिवस पडून होते. पाचव्या दिवशी भोंगा वाजला आणि मी नुसती फाटकापर्यंत जाऊन आले. त्या दिवसाचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे. आता रात्री दहाला मोबाइल बाजूला ठेवते. कुणी सांगितलं नाही, पण पहाट सांभाळायची तर रात्रही सांभाळावी लागते.

बाबा, हे मी तुमचंच पाहिलेलं. पडवीत तुम्ही बारा नमस्कार घालायचात, मोजताना ओठ हलायचे. निवृत्त झालात आणि ते थांबलं. गेल्या खेपेला साखळीला घरी आले तेव्हा अंगणाची पायरी उतरताना तुम्ही भिंत धरलीत. मी काही बोलले नाही, पण ते डोळ्यांसमोरून जात नाही.

वय झालं आता, असं म्हणू नका. १९९० साली अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या माणसांकडून आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचा आणि ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आई, तू म्हणशील, घरकाम काय कमी आहे? त्याने तू दमतेस हे खरं, पण वाकून वाकून पाठच धरते ना तुझी.

गुडघ्याचं आधी डॉक्टरांना विचारा. ते हो म्हणाले तर सकाळचा चहा उकळेपर्यंत एवढंच करा: बाबांनी हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं, आईने ओट्याला धरून टाचा उचलायच्या. झालं की कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची. एखादी चुकली तर चुकू दे, दुसऱ्या दिवशी मारा.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशीच येते. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला स्टुलावर मी चढेन, बाबांनी खालून फळं द्यायची.

तुमची,
बाय