फुटबॉललाही थोडी जागा द्या की साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लिहायला कारण की फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आलाय आणि आपल्या पेपरात अजून त्याचं नावपण दिसंना. येत्या गुरुवारी 11 जूनला मेक्सिको सिटीत पहिली मॅच, मेक्सिको विरुद्ध साऊथ आफ्रिका. 48 टीम, 104 मॅच, अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको तिघं मिळून यजमान, एवढा मोठा वर्ल्डकप आजपर्यंत कधी झालेला नाही. आणि आपलं क्रीडा पान उघडावं तर आयपीएल संपली तरी आयपीएलच चालूय.

इकडं आमची अवस्था अशी की रात्री झोप नाही, घरात कोण काय सांगतंय ते कानात शिरत नाही. पहिली मॅच ज्या ग्राउंडवर आहे ना, अझ्टेका, तिथंच 1970 ला पेलेच्या ब्राझीलनं फायनलला इटलीला 4-1 नं धुतलं आणि तिथंच 1986 ला मॅराडोनानं इंग्लंडला एक गोल चक्क हातानं घातला आणि चारच मिनिटांनी निम्म्या ग्राउंडवरनं एकटा बॉल घेऊन सगळ्यांना चकवत दुसरा घातला, आता त्याच ठिकाणी तिसऱ्यांदा वर्ल्डकप सुरू होतोय म्हणल्यावर माणसानं शांत बसायचं कसं सांगा. 2010 ची पहिली मॅच पण याच दोन टीममध्ये झालेली, 1-1, साऊथ आफ्रिकेच्या त्शाबालालाचा डाव्या पायाचा तो गोल मी अजून मोबाईलवर लावून बघतो.

आता तुम्ही म्हणाल 12 तारखेपासनं बायकांचा टी-20 वर्ल्डकप पण इंग्लंडला सुरू होतोय, जागा कुठनं आणायची. स्मृती मानधना आमच्या सांगलीचीच पोरगी, तिला पहिलं पान द्या, फोटो मोठा छापा, त्याला कोण नाही म्हणतंय? मी स्वतः बघणार आहे त्या मॅच. पण आतल्या पानावर रोज दोन कॉलम तरी फुटबॉलला द्याल का नाही, एवढंच मागणं आहे.

आणि दोन कॉलम दिले की त्यात नुस्तं मेस्सी आणि रोनाल्डो नको. मारुती रोडवर 10 नंबरची जर्सी घालून फिरणाऱ्या पोरांना मेस्सीचं सगळं पाठ आहे, पेपरनं सांगायची गरज नाही. ह्या वेळी केप व्हर्डे, कुरासाव, जॉर्डन आणि उझबेकिस्तान हे चार देश पहिल्यांदा आलेत, त्यांच्यावर लिहा की. केप व्हर्डेची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास, आणि आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची 2011 च्या जनगणनेत पाच लाखांच्या वर. म्हणजे आमच्या महापालिकेएवढा देश स्पेनसमोर उभा राहणार! कुरासाव तर दीड लाखाचा, वर्ल्डकपला आलेला आजपर्यंतचा सगळ्यात लहान देश, आणि त्यांच्या ग्रुपात जर्मनी. हरतील, चार गोल खातील, पण आले की नाही? हैती 1974 नंतर आलंय, नॉर्वे आणि स्कॉटलंड 1998 नंतर. स्कॉटलंडच्या ग्रुपात ब्राझील आणि मोरोक्को, त्यांचं नशीबच तसलं.

मग लोक विचारतात, भारत नाही तर तू कशाला जागतोयस? अहो भारत असता तर जागायलाच लागलं नसतं, तसंही झोप आली नसती. गंमत बघा, 11 जूनलाच, 2024 ला, दोहामध्ये कतारबरोबर आपली मॅच होती. छांगतेच्या गोलनं आपण 1-0 पुढं, आणि कतारनं बरोबरी केली तो बॉल सरळ सरळ लाईनच्या बाहेर गेलेला, आपले गडी थांबले, त्यांनी आत ओढून गोल केला आणि रेफरीनं दिला पण! व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय, नव्हतं तिथं. 2-1 हरलो आणि क्वालिफायिंगमधनं बाहेर. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला देश आहे हो हा, नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाला तीन गोल घातलेले, 1962 ला एशियाडचं गोल्ड. हे आजच्या पोरांना कोण सांगणार, पेपरनंच सांगायला पाहिजे.

फुटबॉल म्हणलं की सगळे कोल्हापूरकडं बोट दाखवतात. बरोबर आहे, शाहू स्टेडियम, पाटाकडील, दिलबहार असल्या तालमींच्या टीम, तालमी-तालमींची ईर्ष्या, तिथला अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षाखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला. पण आमच्याकडं पण एकदा पावसात संध्याकाळी ग्राउंडवर येऊन बघा. काळ्या मातीचा नुस्ता राडा, बॉल मारला की दोन फुटावर डबक्यात रुतून बसतोय, बुटाला किलोभर चिखल, गोलपोस्ट म्हणजे चार चपला, त्यातली एक पाण्यावर तरंगत जातीय आणि गोल झाला का नाही यावर भांडण. पावसानं क्रिकेट बंद पडतं, हे नाही पडत. एखादा फोटो ह्या पोरांचा पण छापा, काय बिघडलं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. वेळापत्रक भारतीय वेळेनं छापा आणि तारीख नीट छापा. पहिली मॅच तिकडं 11 तारखेच्या दुपारी 1 ला आहे, म्हणजे आपल्याकडं गुरुवारी रात्री साडेबाराला, कॅलेंडरवर 12 तारीख लागलेली असणार. नुस्तं ‘12 जून, रात्री 12.30’ असं छापलं की अर्धी सांगली शुक्रवारी रात्री टीव्ही लावून बसणार आणि मॅच होऊन गेलेली असणार. ‘गुरुवारी मध्यरात्री’ असं लिहा, सगळ्यांना कळतंय. फायनलचं पण तसंच, 19 जुलैची रविवारची मध्यरात्र, सोमवारी ऑफिस हाय, काय करायचं ते आमचं आम्ही बघू.

पेपर रात्री किती वाजता छापायला जातो मला माहिती नाही, पण मॅच संपायला अडीच वाजणार, त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी रिझल्ट नसला तरी आम्ही समजून घेऊ. परवाच्या अंकात आला तरी चालेल, पण नीट येऊ दे, कुणी गोल केले, कितव्या मिनिटाला, ग्रुपात कोण पुढं. ह्या वेळी 12 ग्रुप आहेत, प्रत्येकातले पहिले दोन आणि तिसऱ्या नंबरवाल्यातले चांगले आठ पुढं जाणार, त्याचं गणित मांडायला तक्ता लागणारच, तो रोज छापा.

आपला रोजचा वाचक,
एक फुटबॉलवेडा, विश्रामबाग, सांगली

ता.क. जागेसाठी काहीतरी काढायला लागलं तर शब्दकोडं काढा, राशिभविष्याला हात लावू नका. आई रोज वाचते, आणि टीव्ही आमच्या घरात तिच्याच खोलीत आहे.