शंभर पुस्तकं, पण एकाच कपाटातली नकोत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

वर्षभरात शंभर पुस्तकं वाचण्याचा संकल्प केलेल्या एका ग्रंथपालाविषयीचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. त्यावर पुढच्या आठवड्यात छापून आलेलं एका वाचकाचं पत्रही वाचलं. ‘ग्रंथपालाला दुसरं काम काय? दिवसभर पुस्तकांतच तर बसायचं,’ असा त्या पत्राचा सूर होता. मी स्वतः ग्रंथपाल आहे आणि या वर्षी मीही असाच संकल्प केला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या आक्षेपाबद्दल. ग्रंथपाल पुस्तकांत बसतो हे खरं, पण वाचत बसत नाही. देवघेव, नव्या पुस्तकांची दाखलनोंद, वर्गीकरण, शिक्के, बिलं, बांधणीला जाणारे गठ्ठे, साठा पडताळणी आणि समोर उभा असलेला वाचक, यांत दिवस जातो. त्या वेळात पुस्तक उघडून बसणारा ग्रंथपाल वाचकाचा वेळ घेतो. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. त्यामुळे आमचं वाचन होतं ते घरी, रात्री, प्रवासात.

ते जमतं का, हा साधा हिशेब आहे. मार्क ब्रिसबार्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी केली. इंग्रजीतलं ललितेतर लेखन मनातल्या मनात वाचताना प्रौढ माणसाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द पडतो, असं त्यांत दिसलं. मराठीत शब्दांची घडण वेगळी, त्यामुळे आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, पण अंदाजाला पुरतो. ७० हजार शब्दांच्या पुस्तकाला साधारण पाच तास लागतील. शंभर पुस्तकांना पाचशे तास, म्हणजे रोज ८० मिनिटांच्या आसपास. नेमाने बसणाऱ्याला हे अवघड नाही, आणि त्यासाठी द्रुतवाचनाच्या वर्गाला जायचीही गरज नाही. वेग फार वाढवला की आकलन घटतं, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे.

तेव्हा शंभर हा आकडा गाठता येतो. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. आपल्या लेखात किती पुस्तकं झाली, किती उरली, दिवसाला किती पानं होतात हे सगळं होतं. कोणती पुस्तकं, हे जवळपास नव्हतंच. ग्रंथपालाच्या बाबतीत मला तोच खरा प्रश्न वाटतो.

आवडीनं वाचणारा कुणीही वर्षाला शंभर कादंबऱ्या वाचू शकतो, आणि त्यात गैर काहीच नाही. वाचकाने आपल्या आवडीचं वाचावं, त्याबद्दल कुणाची माफी मागू नये. पण ग्रंथपालाने वर्षभर फक्त आपल्याच आवडीचं वाचलं, तर वर्षाअखेरीस तो ज्या कपाटासमोर आधीपासून उभा होता तिथेच उभा असतो. बाकीची कपाटं त्याला पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकापुरती ठाऊक. आकड्याचा आणखी एक दुष्परिणाम मी पाहिला आहे. वर्ष संपत आलं की हात जाड पुस्तकांना टाळू लागतो. हजार पानांचा इतिहास आणि साठ पानांचा कवितासंग्रह यादीत एकेकच भरतात, मग इतिहास पुढच्या वर्षावर जातो. कवितासंग्रहावरही त्यात अन्यायच होतो, कारण तो एका बैठकीत उरकला जातो.

म्हणून मी माझ्या संकल्पाला वर्गीकरणाची चौकट घातली. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली, पुस्तकांना विषयाप्रमाणे क्रमांक देणारी दशांश पद्धती आजही असंख्य ग्रंथालयांत चालते. तीत ज्ञानाचे १० मुख्य वर्ग, त्यांचे १०० विभाग आणि पुढे १००० उपविभाग होतात. मी ठरवलं, प्रत्येक विभागातलं एक पुस्तक वाचायचं. ५१० गणित, ५२० खगोलशास्त्र, ५६० जीवाश्म, ६३० शेती, ६९० बांधकाम, असं सगळं. यांतला ०४० हा क्रमांक सध्या रिकामा आहे, त्यामुळे हाताशी येतात ९९ विभाग. शंभरावी जागा मी वाचकांसाठी ठेवली आहे: देवघेवीच्या टेबलापाशी उभा राहून एखादा वाचक ‘हे तुम्ही वाचाच’ असं म्हणेल ते पुस्तक.

ही चौकट निर्दोष नाही आणि ते उघड बोललं पाहिजे. २०० ते २९० या धर्माच्या दहा विभागांपैकी २२० ते २८० हे सात ख्रिस्ती धर्माला दिलेले आहेत. हिंदू, बौद्ध, जैन, शीख, ज्यू, इस्लाम, पारशी, सगळे मिळून एका २९० मध्ये दाटीने बसतात. साहित्यातही तेच. ८१० ते ८८० हे आठ विभाग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक अशा युरोपीय भाषांतल्या साहित्याचे. जगातल्या उरलेल्या सगळ्या भाषांना ८९० हा एकच विभाग. आपलं मराठी साहित्य ८९१.४६ वर सापडतं, दशांश चिन्हाच्या पलीकडे. ड्युईंच्या काळातल्या एका अमेरिकन महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहाची ही सावली आहे. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, बऱ्याच सुधारणा झाल्या, पण मूळ सांगाडा तसाच राहिला. मी चौकट आंधळेपणानं पाळली असती, तर माझ्या वर्षातही तोच तिरकेपणा उतरला असता. म्हणून त्या सातांपैकी तीनच जागा ठेवल्या आणि बाकीच्या २९० मधल्या धर्मांना दिल्या. साहित्यातल्या निम्म्या जागा ८९० मधल्या भाषांकडे वळवल्या, अनुवादांसह. आपण ज्या क्रमांकांनी रोज पुस्तकं लावतो त्यांच्यात किती पूर्वग्रह मुरलेले आहेत, हे मला अभ्यासक्रमात शिकवलं होतं. ते खरं जाणवलं ते वाचायला पुस्तकं निवडताना.

दुसरी अट अशी की शक्यतो प्रत्येक विभागातलं असं पुस्तक उचलायचं, ज्याच्या तारीखचिठ्ठीवर, म्हणजे परत करायच्या तारखेचा शिक्का मारतात त्या आतल्या कागदावर, शिक्का नाही किंवा अगदी जुना आहे. अशी पुस्तकं प्रत्येक ग्रंथालयात असतात आणि अभ्यासकांनी ती मोजलीही आहेत. रिचर्ड ट्रूस्वेल यांनी १९६९ मध्ये दाखवलं की ग्रंथालयातली सुमारे ८० टक्के देवघेव जेमतेम २० टक्के पुस्तकांवर चालते. पिट्सबर्ग विद्यापीठाचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आमच्या क्षेत्रात बराच गाजला. तिथल्या ग्रंथालयाने १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी जवळजवळ ४० टक्के पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत एकदाही घरी नेली गेली नव्हती. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर वाद झाला. पण ग्रंथपालाला हे चित्र अनोळखी नाही. रंगनाथनांचा तिसरा नियम सांगतो, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. शिक्का नसलेल्या पुस्तकाला पहिला वाचक मिळवून देण्याचं काम ग्रंथपालानं नाही करायचं तर कुणी?

आणि ही पुस्तकं वाचताना जे हाती लागतं, ते ओळखीच्या कपाटात कधी लागलं नसतं. मातीवरचं एक पुस्तक मी केवळ विभाग भरायचा म्हणून घेतलं. सुपीक मातीचा इंचभर थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात आणि तो काही पावसाळ्यांत वाहून जाऊ शकतो, हे त्यात इतकं नीट उलगडलं होतं की मी ते दोनदा वाचलं. आमच्याकडे फक्त वर्तमानपत्र चाळायला येणारे एक शेतकरी आहेत. त्यांच्या हाती ते दिलं. त्यांनी मुदत वाढवून घेतली, मग पुन्हा वाढवून घेतली, आणि परत करताना ‘यातलं आणखी काय आहे?’ असं विचारलं. तसंच ६५७ मधलं हिशेबशास्त्र. जमाखर्चाच्या दुहेरी नोंदपद्धतीचं पहिलं गाजलेलं छापील विवेचन १४९४ मध्ये लुका पाचिओली यांनी केलं, आणि ते होतं गणिताच्या ग्रंथात. आज तो ग्रंथ माझ्याकडे आला तर ५१० ला लावायचा की ६५७ ला, हा विचार मी बराच वेळ करत होते. विषय एकमेकांत कसे शिरलेले असतात ते अशा वेळी कळतं. मग एका विषयासाठी आलेल्या वाचकाला दुसऱ्या कपाटाकडेही बोट दाखवता येतं.

तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची नोंदसूची, आम्हाला शीर्षक, लेखक, विषय, पृष्ठसंख्या, साल एवढं सांगते. भाषा जड आहे का, पहिली पन्नास पानं रेंगाळतात का, नववीतल्या मुलाला झेपेल का, हे ती सांगत नाही. नुकतीच बायको गेलेला माणूस काहीतरी हलकंफुलकं मागायला येतो, तेव्हा त्याच्या हातात देतोय त्या विनोदी कादंबरीच्या मध्यावर एक मरण आहे की नाही, हे वाचल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. वाचकसल्ला हा आमच्या कामाचा कणा आहे आणि तो वाचनावर उभा राहतो.

त्यासाठी मी एक पद्धत ठेवली आहे, इतर ग्रंथपालांना उपयोगी पडेल म्हणून सांगते. संगणक आल्यावर पडून राहिलेली ५ बाय ३ इंचांची कोरी तालिकापत्रं, म्हणजे तालिकेची कार्डं, आमच्याकडे भरपूर आहेत. पुस्तक संपलं की एका पत्रावर दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तकाचा ग्रंथालयातला नोंदणी क्रमांक, लिहायचा आणि खाली एवढंच: हे कुणाला द्यावं. सारांश नको, तारे नकोत, आवडलं की नाही तेही नको. ‘घर बांधायला काढलेल्या माणसाला.’ ‘आकाश पाहायला सुरुवात केलेल्या मुलीला, पण तिसऱ्या प्रकरणापासून.’ ‘आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याला.’ एखाद्या पुस्तकाबद्दल ही ओळ सुचली नाही, तर मी ते यादीत धरत नाही, कारण माझं वाचन नीट झालेलं नसतं.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांचं काय, असं मला विचारतात. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा नियम प्रसिद्ध आहे. पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल सोडा, आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं पुरेत. वाचकांसाठी हा नियम मला अतिशय आवडतो आणि तो मी सगळ्यांना सांगते. स्वतःसाठी मात्र वापरत नाही. पुस्तक कुठे कंटाळवाणं होतं आणि पुढे ते पुन्हा उचल खातं का, हेच मला वाचकाला सांगायचं असतं.

ग्रंथालय चालवणाऱ्या संस्थांनाही एक विनंती. नव्या पुस्तकांची नोंद करायला आम्हाला कामाचा वेळ मिळतो, ती वाचायला मिळत नाही. आठवड्यातला एक तास, देवघेव बंद असताना, वाचनासाठी अधिकृतपणे दिला तर तो वाया जाणार नाही. त्या तासाचा हिशेब म्हणून ही तालिकापत्रं दाखवता येतील.

आणि संपादक महोदय, आपल्याला सुचवायचं ते असं. पुढच्या वेळी अशा ग्रंथपालाची मुलाखत घ्याल तेव्हा आकड्यासोबत वाचलेल्या पुस्तकांची पूर्ण यादी जरूर छापा. शिवाय पुरवणीत दर आठवड्याला दहा ओळींची जागा काढता आली, तर वेगवेगळ्या ग्रंथपालांना कुणी हात न लावलेल्या एकेका पुस्तकाबद्दल लिहायला सांगा: पुस्तकाचं नाव, वर्गीकरणाचा क्रमांक, आणि ते कुणाला द्यावं. पहिल्या काही आठवड्यांचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. आपण होकार कळवलात तर मातीवरच्या पुस्तकाचं तालिकापत्र लगेच पाठवते.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल