जिन्याचे वायरिंग नव्याने करून देणाऱ्या वायरमन काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

साखर पेठेतील आमच्या घराच्या जिन्याचे वायरिंग आपण मे महिन्यात, पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना, दोन दिवस राबून नव्याने करून दिलेत. आपण मजुरी घेतलीत, परंतु आपल्या कामाचे मोल तिच्यात मावत नाही, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल अशा रीतीने लिहीत आहे.

तळमजल्यावर पूर्वी चादरीचे माग होते आणि वरच्या मजल्याचे मीटर वेगळे आहे, हे आपण पाहिलेच आहे. गेल्या वर्षी वडील जिन्यातला बल्ब बदलायला स्टुलावर चढले. दिवा विझलेला होता, खालचा मेन स्विचही त्यांनी बंद केला होता, तरी होल्डरला बोट लागताच त्यांना जोराचा शॉक बसला. त्यानंतर आम्ही तळमजल्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जाणारा व परतणारा करंट सारखा नसला की वीज तोडणारे उपकरण) बसवून घेतली, तर जिन्यातला दिवा लावला की ती ट्रिप होऊ लागली. आपल्याआधी आलेल्या दोघांनी ती काढून टाकण्याचा सल्ला दिला. ती ट्रिप होते याचा अर्थ ती आपले काम चोख करते आहे, असे सांगणारे आपण पहिले.

आपण दोन्ही मजल्यांचे बोर्ड उघडून, वायर वाचवण्यासाठी कोणीतरी केलेली जोडणी आम्हाला दाखवलीत. प्रत्येक टू-वे स्विचला (दोन ठिकाणांहून एकच दिवा लावण्या-विझवण्यासाठी वापरतात तो) त्या त्या मजल्याचा फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) दिलेला होता, आणि दोन्ही स्विचचे कॉमन, म्हणजे दोहोंपैकी एका वायरीला जोडले जाणारे सामाईक टोक, थेट होल्डरच्या दोन टोकांना जोडलेले होते. एक स्विच फेजवर व दुसरा न्यूट्रलवर असला की दिवा लागे. दोन्ही फेजवर असले की दिवा विझे खरा, पण होल्डरच्या दोन्ही टोकांवर २३० व्होल्ट तसेच उभे असत. एका मजल्यावरून निघालेला करंट दुसऱ्या मजल्याच्या न्यूट्रलने परतत असल्यामुळे आरसीसीबी ट्रिप होई, आणि खालचा मेन बंद केला तरी वरचा फेज होल्डरपर्यंत पोहोचे. दोन्हींचे मूळ एकच निघाले, हे ऐकून वडील बराच वेळ गप्प बसून होते.

ती सारी जोडणी आपण उपटून काढलीत. आता फेज तळमजल्याच्या टू-वेच्या कॉमनला येतो, तिथून दोन वायरी पहिल्या मजल्याच्या व्हरांड्यातील इंटरमीडिएट स्विचला (मधल्या ठिकाणाहूनही तोच दिवा लावता-विझवता यावा म्हणून असलेल्या), पुढे दोन वायरी गच्चीच्या दाराजवळच्या टू-वेला, आणि त्याच्या कॉमनवरून एक वायर दिव्यांना जाते; न्यूट्रल मात्र कोणत्याही स्विचमध्ये न शिरता त्याच मीटरवरून थेट दिव्यांपर्यंत येतो. चार टोकांचा तो इंटरमीडिएट स्विच पहिल्या दिवशी दुकानात मिळाला नाही, तेव्हा काहीतरी जुळवून मोकळे न होता आपण काम दुसऱ्या दिवसावर ठेवलेत. शेवटी तिन्ही स्विचच्या आठ जुळण्यांपैकी ज्या चारांत दिवा विझतो, त्या प्रत्येकीत नुसत्या टेस्टरवर न विसंबता टेस्ट लॅम्प (तपासणीसाठी वायरी जोडलेला बल्ब) लावून होल्डर तपासलात. इतकी निगुती मी आजवर पाहिली नव्हती.

आपण काढून दिलेली आकृती मीटरपेटीच्या दाराला आतून चिकटवली आहे. परवा गच्चीजवळचा बल्ब वडिलांनी स्वतः बदलला. आपण सांगितल्याप्रमाणे आधी मेन बंद केला, होल्डर तपासला आणि मगच हात लावला. खाली उतरल्यावर त्यांनीच मला हे पत्र लिहायला बसवले.

आपला ऋणी,
साखर पेठ, सोलापूर